बोलणं झालं, ठरलं काय?

सिन्नर बाजार समितीच्या आवारात 'लाल' म्हणजे रंग नव्हे, हंगाम. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा आणि त्याच्या मागून येणारा रांगडा, या दोघांनाही 'लाल'च म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे तो यायला लागतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो, आणि त्याला टिकवण नसते. काढला की विकावाच लागतो. मार्च-एप्रिलपासून येतो तो उन्हाळ कांदा. रंगाने तोही लालसरच असतो, पण चाळीत नीट भरला तर चार-सहा महिने राहतो. नांदूरशिंगोट्याच्या किंवा नायगावच्या उपबाजारात ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या बाजारभावांतही 'लाल' आणि 'उन्हाळी' यांच्या ओळी वेगळ्या असतात.

हाच 'लाल' शब्द दूरच्या एखाद्या खरेदीदाराच्या संगणकात 'रेड अनियन' होऊन पोचतो, आणि तिथे तो नुसता रंग उरतो. त्याला दोन महिने गोदामात ठेवायला माल हवा असतो. त्याच्या मागणीत चपखल बसतो तो मात्र थोड्याच आठवड्यांत कोंब धरणारा रांगडा. दोन्ही बाजू खरं बोलल्या, आणि तरी सौदा बुडाला.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी मांडलं. गेली काही वर्षं मी सिन्नरच्या छोट्या कारखान्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि अलीकडे उद्योजकांच्या बैठकांत एकच प्रतिपादन पुन्हा पुन्हा ऐकू येतं. एका तरुण सल्लागाराने ते परवा फार ठामपणे मांडलं. त्याचा मुद्दा असा: सिमँटिक वेब नावाचं प्रकरण पंचवीस वर्षांपूर्वी आलं आणि मेलं. यंत्राला कळावं म्हणून शब्दांचे अर्थ आधी काटेकोर लिहून ठेवायचे, ही कल्पनाच आता कालबाह्य आहे. भाषा समजणारी मॉडेलं आली. तुमचा सॉफ्टवेअर एजंट आणि खरेदीदाराचा एजंट माणसांसारखे बोलतील, घासाघीस करतील, समजून घेतील. कोश, वर्गीकरण, ऑन्टॉलॉजी (शब्दार्थ आणि त्यांची नाती यांचा आराखडा) यांवर एक रुपयाही खर्चू नका.

सभागृहात माना डोलल्या. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि सिन्नरसारख्या गावासाठी ते महागात पडणारं आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी त्याच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सिमँटिक वेबचं चित्र रंगवलं. त्यात भाऊ-बहिणीचे एजंट आपसांत बोलून आईच्या उपचारांच्या वेळा ठरवतात. दवाखान्याचं वेळापत्रक, विम्याच्या अटी, घरापासूनचं अंतर, सगळं यंत्रच जुळवतं. तसं घडलं नाही. यंत्राला वाचता येतील अशी विधानं लिहिण्याची आरडीएफ ही पद्धत आली, २००४ मध्ये ओडब्ल्यूएल ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा प्रमाणित झाली, विद्यापीठांतून शेकड्यांनी प्रबंध निघाले, आणि तरी सामान्य माणसाच्या खरेदीत ते एजंट दिसले नाहीत. लिहायला अवघड, शिकायला किचकट, आणि लिहिण्याचा मोबदला कुणी देईना. हे सगळं खरं आहे.

पण 'मेलं' हे खरं नाही. गुगलवर एखादी वस्तू शोधली की निकालाच्या खाली किंमत, चांदण्या, 'साठ्यात आहे' असं दिसतं. तो काही पान वाचून यंत्राला झालेला साक्षात्कार नसतो. दुकानदाराने पानाच्या पोटात यंत्रासाठी लिहिलेलं असतं: ही वस्तू, हा देकार, ही किंमत, हे चलन. ते लिहिण्याचा शब्दसंग्रह म्हणजे स्कीमा डॉट ऑर्ग, जो गुगल, बिंग आणि याहू यांनी जून २०११ मध्ये एकत्र येऊन सुरू केला. त्यातला व्यापाराचा मोठा भाग आला मार्टिन हेप या जर्मन प्राध्यापकाच्या 'गुडरिलेशन्स' या ऑन्टॉलॉजीतून, जी त्याने २००८ मध्ये ऑनलाइन व्यापारासाठीच बांधली होती. गुगलने २०१० मध्ये फ्रीबेस हा अर्थांनी जोडलेला माहितीसाठा विकत घेतला आणि २०१२ मध्ये आपला नॉलेज ग्राफ जाहीर केला. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी शब्दार्थांची बांधणी सोडली नाही. त्यांनी ती आत नेली. ज्या गोष्टीला बाहेर कालबाह्य म्हटलं जातं ती आतल्या खोलीत जपून ठेवली जात असेल, तर बाहेरच्याने सावध व्हायला हवं.

आता मूळ मुद्दा. दोघे बोलले म्हणजे दोघांचं ठरलं, असं होत नाही. हा अनुभव संगणकाच्या फार आधीचा आहे, आणि त्याचा सर्वांत गाजलेला दाखला मुंबईच्या बंदराचा आहे. १८६४ सालचा इंग्लंडमधला 'रॅफल्स विरुद्ध विकेलहाउस' हा खटला. सौदा होता सुरती कापसाच्या १२५ गासड्यांचा, मुंबईहून 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने लिव्हरपूलला येणाऱ्या. पण मुंबईहून 'पीअरलेस' नावाची दोन जहाजं निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. डिसेंबरचा कापूस आला, घेणाऱ्याने नाकारला, विकणारा कोर्टात गेला आणि हरला. कागदावर शब्द एकच होता आणि तो दोघांनाही मान्य होता.

पुढे आठ वर्षांनी आपल्याकडे १८७२ चा करार कायदा झाला. त्याच्या १३ व्या कलमात संमतीची व्याख्या आहे: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणं, म्हणजे संमती. 'एकाच अर्थाने' हे शब्द कायद्यातच आहेत. २९ वं कलम म्हणतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. तिथलं उदाहरण शंभर टन तेलाचं आहे. कोणतं तेल हे कळायला काही मार्गच नाही, म्हणून करार नाही. सल्लागार मित्र इथे म्हणेल की त्याच कलमात पुढे दिलेलं एक उदाहरण त्याच्या बाजूचं आहे. विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर 'शंभर टन तेल' याचा अर्थ त्याच्या धंद्यावरून कळतो आणि करार टिकतो. संदर्भावरून अर्थ कळतो, आणि मॉडेल नेमकं हेच करतं.

हा त्याचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. खोबरेल तेलवाल्याचा धंदा समोरच्याला ठाऊक आहे म्हणून तिथे संदर्भ कामाला येतो. मॉडेलला कुणाचा संदर्भ ठाऊक आहे? ज्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं त्यांचा. इंग्रजीतला 'रेड अनियन' त्याने लाखो वेळा वाचला असेल, कोशिंबिरीच्या पाककृतींत. नायगावच्या उपबाजारातला 'लाल' किती वेळा वाचला असेल? जिथे मजकूर कमी, तिथे ते मोठ्या बाजारपेठेचा अर्थ छोट्या बाजारपेठेला चढवतं, आणि आत्मविश्वासाने चढवतं. नुकसान कुणाचं, हे सांगायला नको. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं ११ वं कलमही लक्षात ठेवा. तुमच्या वतीने आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने धाडलेला संदेश हा तुमचाच संदेश मानला जातो. एजंट बोलला, म्हणजे तुम्ही बोललात.

सॉफ्टवेअर एजंटांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या जुन्या मंडळींना हे पक्कं माहीत होतं. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिपा ही संस्था स्थापन झाली आणि तिने एजंटांच्या संदेशांचा नमुना ठरवला. संदेशाचा हेतू काय ते आधी सांगायचं: विचारणा, देकार, होकार, नकार, माघार. असे २२ हेतू त्यांनी बांधून दिले. मग पाठवणारा, घेणारा, मजकूर, मजकुराची भाषा. आणि त्यानंतर एक वेगळी जागा, जिचं नावच 'ऑन्टॉलॉजी': या मजकुरातले शब्द कोणत्या शब्दकरारानुसार वाचायचे, ते इथे सांगा. आपल्या लिलावाच्या भाषेत बोलायचं तर बोली, भाव, सौदा यांच्या बरोबरीने 'कोणत्या बाजाराच्या रिवाजाने' हेही प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचं. मला ती जागा फार मोलाची वाटते.

नव्या संकेतांत ती जागा उरली आहे का, हे कळण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलेला एजंट-टू-एजंट हा संकेत पाहा. एजंटाने आपलं ओळखपत्र एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवायचं, आपल्याला काय काय येतं ते सांगायचं, कामाची स्थिती कळवत राहायचं, हे सगळं उत्तम बांधलं आहे. पण 'मला काय येतं' याचं वर्णन त्यात मोकळ्या मजकुरात आहे. टपालाची व्यवस्था चोख आणि पत्राचा अर्थ वाचणाऱ्याच्या मर्जीवर, अशी ती रचना आहे. आपल्याकडच्या ओएनडीसी या डिजिटल व्यापाराच्या खुल्या जाळ्याची पायरी याहून बरी आहे. २०२१ च्या डिसेंबरअखेर ही कंपनी स्थापन झाली. शोध, निवड, पक्की मागणी, रद्द करणं, माग काढणं, या प्रत्येक क्रियेला तिथे ठरलेला संदेश आहे आणि मालाचे वर्ग सांकेतिक अंकांनी बांधलेले आहेत. मात्र किराणा या एका वर्गात कांदा बसवला म्हणून 'लाल' आणि 'उन्हाळ' यांतला फरक कुठे लिहिला जातो असं नाही. तो फरक लिहिणं हे दिल्लीचं कामही नव्हे, ते इथलं आहे.

कांद्याकडून लोखंडाकडे येतो, कारण मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत आणि माळेगावच्या एमआयडीसीत माझा अधिक वावर आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये अजूनही 'ईएन-८' म्हणतात. हे जुन्या ब्रिटिश प्रमाणाचं नाव. पुढे तिथे त्याला ०८०एम४० म्हणू लागले. बाहेरून येणाऱ्या ड्रॉइंगवर बहुधा युरोपीय 'सी-४५' असतं. कुठल्याही मॉडेलला विचारा, ते बहुधा सांगेल की हे दोन्ही समतुल्य. पुस्तकांतल्या तक्त्यांतही ते शेजारी शेजारी छापलेले असतात. पण ०८०एम४० मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, आणि सी-४५ मध्ये ०.४२ ते ०.५० टक्के. साध्या टर्निंगच्या कामाला याने काही बिघडत नाही. शाफ्ट इंडक्शन हार्डनिंगला जाणार असेल आणि पाण्यात विझवायचा असेल, तर वाढलेल्या कार्बनने त्याला तडा जाण्याचा धोका वाढतो. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी असा रिजेक्ट झालेला लॉट पाहिला आहे. मागणी एका ऑनलाइन खरेदी यंत्रणेतून आली होती आणि साहित्याचं नाव वाटेत कुठेतरी 'समतुल्य' म्हणून बदललं गेलं होतं. दोष कुणाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण बदल कोणत्या नियमाने केला याची नोंदच नव्हती. माल, मजुरी आणि वाहतूक, तिन्ही वर्कशॉपच्या अंगावर पडली.

सिमँटिक वेबची माणसं 'एकच' आणि 'जवळचं' या एका फरकावर किती वर्षं भांडली असतील! ओडब्ल्यूएलमध्ये 'हे आणि ते एकच' असं सांगायची सोय होती. लोकांनी ती सरसकट वापरली आणि जवळच्या, सारख्या, संबंधित अशा सगळ्या गोष्टी 'एकच' करून टाकल्या. याउलट २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कॉस या पद्धतीत वेगवेगळी नाती आली: तंतोतंत जुळणारं, जवळचं, अधिक व्यापक, अधिक नेमकं, नुसतं संबंधित. ईएन-८ आणि सी-४५ यांचं नातं 'जवळचं'. तेवढं लिहिलेलं असतं तर खरेदीच्या एजंटाला थांबावं लागलं असतं आणि 'उष्णता-प्रक्रिया करणार आहात का' असं विचारावं लागलं असतं. हे नातं एका ओळीचं आहे. ती ओळ लिहायला अमेरिकेतला शास्त्रज्ञ लागत नाही, पंधरा वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस लागतो.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. कॉरी डॉक्टरो या कॅनेडियन लेखकाने २००१ मध्येच 'मेटाक्रॅप' या निबंधात लिहिलं होतं की माणसं आपल्या मालाबद्दल खोटं लिहितात, आळस करतात, आणि एकाच वस्तूचं वर्णन करायच्या अनेक रीती असतात. म्हणून वर्णनांवर उभी राहिलेली कुठलीही व्यवस्था कोसळणार. आमचा सल्लागारही हेच म्हणाला: शेतकरी 'सुपर' लिहील आणि बारीक गोल्टी पाठवील, मग तुमच्या कोशाचा उपयोग काय?

या आक्षेपाचं उत्तर कांद्याच्या बाजाराने केव्हाच दिलं आहे. त्या उत्तराचं नाव 'वांधा'. मोकळा कांदा ट्रॉलीत येतो, व्यापारी वरचा थर पाहतात, हात घालतात, बोली लागते, सौदा होतो. काट्यावर वजन होतं, ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, आणि ओतताना खालचा माल दिसतो. तो वरच्यासारखा नसला, त्यात चोपडा निघाला, जोड कांदा निघाला, डेंगळे निघाले, तर व्यापारी वांधा काढतो आणि भाव पाडून मागतो. समजुतीने मिटलं तर मिटलं, नाहीतर बाजार समितीकडे तक्रार जाते. म्हणजे माणसं खोटं बोलू शकतात हे गृहीत धरूनच बाजार बांधलेला आहे. काटा, मापारी, समिती, १९६३ चा बाजार समिती कायदा, हे सगळं त्यासाठीच आहे. खोटं बोललं जातं म्हणून काटा बंद करा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पण वांध्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण माझा सगळा आग्रह तिच्यासाठी आहे. वांधा निघतो तेव्हा ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते. कांदा परत भरायचा तर हमाली पुन्हा, दुसऱ्या दिवशीचं भाडं पुन्हा. कितीतरी जणांना तो पाडलेला भाव गिळावा लागतो. 'चोपडा' किती टक्के असला म्हणजे भाव पाडायचा, किती पाडायचा, हे कुठेही सर्वांना दिसेल असं लिहिलेलं नसतं. ज्याच्या खळ्यावर माल ओतला गेला, अर्थ त्याचा चालतो. माणसांच्या बाजारात निदान शेतकरी तिथे उभा असतो. तो ओरडू शकतो, चार जणांना बोलावू शकतो. एजंटांच्या बाजारात माल हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरेल, वांधा तिथे निघेल, आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त मोबाइलवरचा कमी झालेला आकडा येईल. त्या क्षणी त्याच्याजवळ एकच शस्त्र असू शकतं: सौद्याच्या वेळी कोणता शब्द कोणत्या व्याख्येने वापरला होता, त्याची दोघांनी मान्य केलेली, बदलता न येणारी नोंद. एजंटांच्या गप्पांतून ही नोंद निघत नाही. तेच मॉडेल आज एक अर्थ लावेल, पुढच्या आवृत्तीत दुसरा.

लिहिलेल्या अर्थाचा हाच फायदा आहे. आरडीएफमधलं प्रत्येक विधान साधं असतं: कोण, काय नातं, कशाशी. प्रत्येक शब्दाला स्वतःचा कायमचा पत्ता असतो. सिन्नरच्या 'लाल'ला एक पत्ता, रंगाच्या 'लाल'ला दुसरा. 'पीअरलेस'सारखा घोटाळा मुळातच व्हायला नको म्हणून. २०१७ मध्ये आलेल्या शॅकल या प्रमाणाने मजकूर तपासताही येतो: काढणीची तारीख नसेल तर देकार पुढे जाऊ नये, चोपड्याचं प्रमाण भरलं नसेल तर सौदा पक्का होऊ नये. आणि निर्णय चुकला तर कोणत्या विधानावरून चुकला, हे बोट ठेवून दाखवता येतं. वर्णनाच्या अनेक रीती असतात, हे डॉक्टरोचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून एकच कोश सगळ्यांवर लादू नका. सिन्नरचा सिन्नरने लिहावा, लासलगावचा लासलगावने, आणि दोन्हींमधलं नातं 'तंतोतंत' की 'जवळचं' ते प्रामाणिकपणे लिहावं.

मी भाषा-मॉडेलांच्या विरोधात नाही. मराठीत बोललेलं ऐकून नोंदीचा फॉर्म भरून देणं, कोशाचा पहिला मसुदा काढणं, शेतकऱ्याला देकार त्याच्या भाषेत समजावणं, ही कामं त्यांनी करावीत, आणि त्यांना ती चांगली जमतात. दुभाषा जरूर ठेवा. पण करारनामा दुभाष्याच्या स्मरणशक्तीवर सोपवू नका. आपल्या आजोबांनी कच्चा शेर आणि पक्का शेर यांतली लूट पाहिली होती. गावागणिक शेर वेगळा, मण वेगळा. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. लोकांना त्रास झाला, दुकानदार चिडले, म्हाताऱ्यांना हिशेब लागेना. तरी ज्याच्या हातात तराजू नव्हता त्याच्यासाठी तो बदल उपकाराचा ठरला, कारण किलो म्हणजे किती हे ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे राहिला नाही. 'घेणारा आणि देणारा बोलून ठरवतील की किलो म्हणजे किती', असा सल्ला त्या वेळी कुणी दिला असता, तर तो आपण ऐकला असता का?

एजंटांचा व्यापार येणार आहे आणि तो आपल्याला विचारून येणार नाही. येताना तो कुणाचा तरी शब्दकोश घेऊन येईल. आपण लिहिला नाही तर खरेदीदाराच्या कंपनीने लिहिलेला असेल, आणि तो उघडून पाहायची मुभाही आपल्याला नसेल. अर्थ लिहायचा की नाही, हा पर्याय आपल्यापुढे नाहीच. तो कुणी लिहायचा आणि उघड्यावर ठेवायचा की कुलपात, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून माझी विनंती बाजार समितीच्या संचालकांना, मुसळगाव आणि माळेगावच्या उद्योजकांना आणि चिंचोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकांना आहे. दोन शेतकरी, दोन व्यापारी, एक मापारी, एक टर्नर, उष्णता-प्रक्रिया जाणणारा एक माणूस आणि संगणकाची चार मुलं, एवढी माणसं एका टेबलाभोवती बसवा. पन्नास शब्द कांद्याचे, पन्नास लोखंडाचे. प्रत्येकाची व्याख्या मराठीत लिहा, तिला कायमचा पत्ता द्या, वांध्याची टक्केवारी त्यात नोंदवा, आणि सगळं जगाला वाचता येईल असं उघडं ठेवा. यंत्राला कळेल अशा रूपात ते बसवून देण्याचं काम मी विनामोबदला करीन. पुढचा पोळ बाजारात यायच्या आत पहिला शब्द लिहून झाला पाहिजे, आणि तो शब्द 'लाल' असू द्या.